आजारपणाचा सातवा महिना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंगाई सभांवरून, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरणाऱ्या ख्रिस्ती सभांवरून, आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात सध्या चांगलीच जुंपली आहे. एक बाजू म्हणते, हा सगळा भोंदूपणा आहे, बंदी घाला. दुसरी म्हणते, ज्यांचा विश्वास कमी तेच शंका काढतात. ज्याच्या नावाने हे भांडण चालले आहे तो दुखणाईत मात्र बाजूलाच पडून आहे. सभा दोन-तीन दिवसांची असते. मांडव उतरतो, खुर्च्या टेम्पोत चढतात आणि त्याची डायलिसिसची पाळी गुरुवारी यायची ती येतेच. आम्ही मिरज-सांगली भागातल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, रुग्णभेटीचे काम करणारे सभासद आहोत. लांबलेल्या दुखण्यात ख्रिस्ती श्रद्धेचा आधार मिळतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण तो कसा मिळतो आणि कशाने हुकतो हे बारकाव्यानिशी सांगितल्याशिवाय नुसत्या म्हणण्याला काही अर्थ नाही. म्हणून पत्र थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

आजार कळतो त्या पहिल्या महिन्यात घरात माणूस मावत नाही. पाळकसाहेब येतात, महिला मंडळ येते, तरुण संघ येतो, गल्लीतली मंडळी शहाळी घेऊन येतात. तिसऱ्या महिन्यात ‘आता कसं आहे?’ एवढे घरच्यांना रस्त्यातच विचारले जाते. सातव्या महिन्यात कोणी येत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आपल्याकडे आजाऱ्याला म्हणायची दोनच वाक्ये तयार असतात, एक बरा होणाऱ्यासाठी आणि एक जाणाऱ्यासाठी. हा माणूस बराही होत नाही आणि जातही नाही, त्यामुळे त्याच्या दारात गेले की बोलायचे काय, हेच कळत नाही.

शुभवर्तमानात मात्र अशाच लांबलेल्या आजाऱ्यांची गर्दी आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेला माणूस ३८ वर्षे दुखणाईत होता. रक्तस्रावाने गांजलेली बाई १२ वर्षे आजारी होती, आणि तिच्याबद्दल मार्क आवर्जून सांगतो की जवळ होते नव्हते ते सगळे तिने वैद्यांवर घालवले, तरी गुण आला नाही, उलट रोग बळावला. मिरजेतल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागाच्या बाकड्यावर हा मजकूर वाचून दाखवा. दहातले आठ जण मान डोलावतील.

‘तुमचा विश्वास कमी पडतो’ हे वाक्य आजाऱ्याच्या खोलीत उच्चारणाऱ्यांनी आधी प्रेषित पौलाचे काय करायचे ते सांगावे. त्याच्या शरीरात काटा होता. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, उत्तर आले, “माझी कृपा तुला पुरे आहे.” हाच पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने चंगाई सभा भरवली नाही, थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून लिहिले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय झटकून टाकले. इतके स्वच्छ लिहिलेले असूनही पक्षाघात झालेल्याच्या उशाशी बसून ‘काही कबूल करायचं राहिलंय का बघा’ म्हणणारे निघतातच. संकटांनी आणि दुखण्याने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

औषध आणि प्रार्थना यांचे वैर आमच्या धर्मात तरी नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिराचा लेप बांधायला सांगितला. आणि मिरजेत तर हे समजावून सांगायची पाळी येऊ नये. १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचे रुग्णालय उघडले, त्यावरच पुढे या गावाची वैद्यकीय ओळख उभी राहिली. वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम झाले तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. तोवर मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती आणि महिनोन्‌महिने कोणीतरी शेजारी असणे, एवढाच उपचार होता. आज औषधे आली, शेजारी असणे मागे पडले.

आता भेटीविषयी. दोघांनी जावे. दहा बाय दहाच्या खोलीत बारा जण हार्मोनियम आणि ढोलकी घेऊन शिरले की आजारी माणूस हसून सगळ्यांना सलाम करतो आणि पुढचे दोन दिवस उठत नाही. आधी फोन करावा. चपला बाहेर, हात साबणाने धुतलेले. खुर्ची मागून घ्यावी आणि बसावे. उभ्याने बोलले की त्याला मान वर करावी लागते, शिवाय उभा माणूस कायम निघायच्या घाईत दिसतो. पलंगाच्या कडेवर बसू नये. गादी दबते आणि नळ्या, टाके ओढले जातात. पंधरा ते वीस मिनिटे पुरेत. त्यातली पहिली पाच आजाराला देऊ नयेत. हळदीचा सौदा काय निघाला, उसाला काय दर मिळाला, आयर्विन पुलाला पाणी कितीवर आहे, हे त्यालाही ऐकायचे असते. त्याचे जग औषधांच्या डब्याएवढे झालेले असते.

मग विचारावे, ‘प्रार्थना करू का?’ नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर लगेच दुसरा प्रश्न, ‘कशासाठी करू?’ हा दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. भेटीला येणारा ‘बरा होऊ दे’ हे धरूनच आलेला असतो. आजाऱ्याचे मागणे बहुधा वेगळे असते: रात्री दोन ते चार झोप लागू दे, सुनेची कंबर धरली आहे ती सुटू दे, पोट साफ होऊ दे. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला शौचाला न होणे हे मूळ वेदनेइतकेच छळते. त्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायला लाजू नये, आणि मॉर्फिनसोबत रेचक लिहून दिले आहे की नाही हेही घरच्यांना विचारून घ्यावे. प्रार्थना दोन मिनिटांची असावी, आजाऱ्याचे नाव घेऊन, त्याने मागितले तेवढ्याचीच. तिच्यात घरच्यांना टोमणे नकोत. डोळे मिटून केलेले भाषण ओळखायला आजारी माणूस फार हुशार झालेला असतो.

निघताना ‘येतो कधीतरी’ म्हणू नये, वार सांगावा. यासाठी मंडळीत एक भेटवही लागते, चार रकान्यांची: तारीख, कोण गेले, काय वाचले, पुढची तारीख. आजाराचा तपशील तिच्यात लिहायचा नाही. मंडळीत आठ दुखणाईत असतील आणि प्रत्येकाकडे पंधरवड्याला एक भेट ठरवली, तर महिन्याला १६ भेटी होतात. सहा जोड्या असल्या तर एका जोडीच्या वाट्याला तीनसुद्धा येत नाहीत. म्हणजे माणसे कमी पडत नाहीत, वाटणी चुकते. वही नसली की सगळे एकाच नामांकित पंचांकडे जातात आणि गावकुसाकडच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी नाताळपर्यंत कुणाच्या ध्यानातच येत नाही.

वार निवडताना उपचारांचे वेळापत्रक पाहावे लागते. डायलिसिस साधारण आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार तास चालते. त्या दिवशी संध्याकाळी माणूस पिळून काढल्यासारखा पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. केमोथेरपीत पहिले दोन-तीन दिवस मळमळीचे, तेव्हा अत्तर, गजरा, भज्यांचा पुडा यांचा वास घेऊन कोणी आत जाऊ नये. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा साधी सर्दीही महागात पडते. २१ दिवसांच्या चक्रात तिसरा आठवडा भेटीला उत्तम. तेव्हा तोंडाची चव थोडी परतलेली असते आणि पुढच्या सलाइनची भीतीही पुन्हा वर आलेली असते, म्हणजे सोबत हवी असते ती नेमकी तेव्हाच.

नेण्याच्या वस्तूंबद्दल एवढेच की किडनीच्या आजाऱ्याला शहाळे, केळी, मोसंबी, खजूर आणि आपल्या तासगावचे बेदाणे घेऊन जाऊ नये. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर; निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. ‘घ्या की अर्धा कप आमच्याबरोबर’ हा चहाचा आग्रहही टाळावा. त्याला दिवसाचे पाणी मोजून असते: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके, अधिक अर्धा लिटर. ज्याला लघवीच होत नाही त्याच्या अर्ध्या लिटरातला शंभर मिलिलिटर तुमच्या आग्रहाने संपला तर रात्री गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या?

स्पर्शाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हात ठेवून प्रार्थना करणे आणि तेल लावणे या दोन्ही गोष्टी शास्त्रातल्याच आहेत. याकोबाच्या पत्रात सांगितले आहे की दुखणाइताने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. डायलिसिसच्या माणसाच्या एका हाताला फिस्टुला केलेला असतो, म्हणजे धमनी आणि शीर जोडून सुई टोचण्याची जागा तयार केलेली असते. तिच्यावर हलके बोट ठेवले तर मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ती थरथर हाच त्या जोडणीचा जीव. त्या हाताला घड्याळ नको, रक्तदाबाचा पट्टा नको, उशाखाली दाबून झोपणे नको. आणि प्रार्थनेच्या भरात मनगट घट्ट धरून हलवणे तर नकोच नको. दाबाने आत गुठळी झाली की जोडणी बंद पडते, पुन्हा शस्त्रक्रिया, तोवर मानेतून नळी. ‘कोणत्या हाताला आहे?’ एवढे विचारून दुसरा हात धरावा, किंवा खांद्यावर हात ठेवावा.

ऑक्सिजन लावलेल्या माणसाच्या कपाळाला तेल लावू नये. थेंब ओघळून नाकाच्या नळीकडे जातो, आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ भुर्रकन पेट घेतात. हाताच्या पाठीवर लावावे, आपली बोटे पुसावीत आणि मगच नळीला किंवा यंत्राला हात लावावा. मेणबत्ती त्या खोलीत पेटवूच नये, तीन मीटरच्या आत तर मुळीच नाही. रेडिएशन चालू असलेल्यांच्या अंगावर शाईच्या खुणा असतात, त्या चौकटीत तेल, मलम, पावडर काहीही रेडिएशन विभागाला विचारल्याशिवाय लावायचे नाही. जखम, बेडसोर, मानेतली नळी यांच्या आसपास तर नाहीच. तेल किती? बोटाचे टोक ओले होईल इतके. एकाच बाटलीत बोट बुडवत पाच घरे फिरायचे नाही; दहा मिलिलिटरची छोटी बाटली न्यावी आणि थेंब कापसाच्या बोळ्यावर घ्यावा. जैतुनाचेच हवे असा हट्ट नको, कॅथलिक चर्चनेही १९७२ पासून इतर वनस्पतींचे तेल चालते असे ठरवले आहे. आपल्याकडे खोबरेल सोयीचे, फक्त पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत ते थिजते, म्हणून बाटली खिशात ठेवावी.

जाता जाता एक. कॅथलिक घरांत फादरना तेल घेऊन बोलवायला अजूनही लोक घाबरतात, ‘शेवटचं तेल’ म्हणजे आता संपलेच असे वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले की हा संस्कार मरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला नाही, गंभीर आजार सुरू झाला की घ्यावा. साठ वर्षे झाली, भीती तिथेच आहे. प्रोटेस्टंटांची तऱ्हा फार वेगळी नाही. अंथरुणाला खिळलेल्याकडे पाळक प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षांचा रस, घेऊन आले की शेजारीपाजारी दारात डोकावतात. ते महिन्याच्या महिन्याला घरी गेले असते तर डोकावायचे कारणच पडले नसते.

घरच्या प्रभुभोजनात सर्वांत मोठा धोका घशाचा. पक्षाघातानंतर कित्येकांना गिळता येत नाही आणि ते बाहेरून कळत नाही. आधी घरच्यांना विचारावे: पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का? तसे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नये, कारण अन्न श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनिया होतो. ज्याला गिळता येते त्याला ताठ बसवावे, भाकरीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा रसात भिजवून मऊ करून द्यावा, गिळून झाल्याची खात्री करावी आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. नाकात नळी असलेल्यांना शब्द ऐकवावेत, तुकडा ओठांना नुसता लावावा किंवा तेही करू नये. अशाने प्रभुभोजन अपुरे राहत नाही. अँग्लिकन परंपरेच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातच लिहिले आहे की आजारपणामुळे ज्याला तोंडाने घेता येत नाही, पण ज्याचा पश्चात्ताप आणि विश्वास खरा आहे, तो ख्रिस्ताचे शरीर व रक्त आत्म्याने घेतच असतो. हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवावे. ‘मंडळीतून बाहेर पडलो’ ही खंत आजाऱ्याला आतून खात असते.

रस घरीच करणाऱ्यांसाठी: ५० ग्रॅम काळे मनुके धुऊन २०० मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळावेत आणि रस पाच-सात मिनिटे उकळून निवू द्यावा. उकळण्याचे टाळले तर सांगलीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी बाटलीत बुडबुडे दिसतात, रस आंबायला लागलेला असतो. केमो चालू असलेल्याला तो बाधू शकतो. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. एका टोपणाने, म्हणजे पाच मिलिलिटरने, मधुमेहाचे किंवा किडनीचे गणित बिघडत नाही. केमो चालू असलेल्याला मात्र एकाच पेल्यातून देऊ नये. वेगळा, उकळत्या पाण्यातून काढलेला छोटा पेला न्यावा.

आता ज्यावरून आपल्या सदरात वाद पेटला त्या साक्षीबद्दल, म्हणजे सभेत उभे राहून आपण बरे झाल्याचे सांगण्याबद्दल. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे असतात. ताप आणि खोकला काही आठवड्यांतच ओसरतो, भूक लागते, वजन वाढते. नेमक्या याच वेळी माणूस व्यासपीठावर उभा राहून ‘मी चंगा झालो’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला खरेच बरे वाटत असते. पण फुप्फुसात सुस्त पडलेले जंतू शिल्लक असतात, आणि पाचशे लोकांसमोर चंगा झाल्याचे सांगितलेला माणूस घरी जाऊन चार महिने गोळ्या कोणत्या तोंडाने खाणार? सहा-आठ महिन्यांनी खोकला परत येतो, कधी औषधांना न जुमानणारा. तोवर सभा घेणारे पुढच्या जिल्ह्यात पोचलेले असतात आणि दोष माणसाच्या ‘गळालेल्या विश्वासावर’ जातो.

फेफऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलाचे इन्शुलिन तोडले तर दोन-तीन दिवसांत रक्तात आम्ल साठून तो बेशुद्ध होतो. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले की रक्तदाब कोसळतो. मनोविकाराच्या गोळ्या सोडल्याचा परिणाम तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतो, तेव्हा त्याचा संबंध त्या सभेशी कोणी लावतसुद्धा नाही. प्रभूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर काय आज्ञा दिली? जाऊन स्वतःला याजकाला दाखव. त्या काळची तपासणी तीच होती. मग आज साक्षीआधी डॉक्टरांचा कागद मागण्यात अविश्वास कसला? ज्या पाळकांना खरेच काळजी आहे त्यांनी एक नियम करावा: उपचार पूर्ण झाल्याची नोंद होईपर्यंत साक्ष नाही, आणि आयुष्यभराची औषधे असलेल्याने साक्षीतच सांगावे की गोळ्या चालू आहेत.

लेंटच्या उपासालाही हाच न्याय. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून ४० दिवस. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिले की साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, बरळणे सुरू होते. रात्रभराच्या प्रार्थनेत असा माणूस आत्म्याने भरला असे वाटून भोवतालचे आणखी जोरात गाऊ लागतात. त्याला तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता गाडी काढायची. आजाऱ्याला उपासाचे बंधन कोणत्याच परंपरेत नाही.

रात्र हा सगळ्यांत कठीण भाग. भेटीला येणारे दिवसा येतात, आणि मनाचे जे व्हायचे ते रात्री अडीचला होते. तिथे पाठ असलेलेच उपयोगी पडते; फोन चाचपडायचे, चष्मा शोधायचे त्राण नसते. बायबलातले १३ वे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे आणि त्याची सुरुवातच चार वेळा ‘कोठवर?’ विचारून होते. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. भेटीला जाणारे ही स्तोत्रे टाळतात आणि उमेदीच्या ओव्या वाचतात. कुरकुर करायला शास्त्राची परवानगी आहे हे कळणे, हाच कित्येकांना पहिला दिलासा असतो. खुद्द प्रभू वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीने ओरडला.

धाप लागणाऱ्यांसाठी २३ वे स्तोत्र कामाचे आहे, तेही मनातल्या मनात. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा, ‘परमेश्वर माझा’. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंकांत सावकाश सोडावा, ‘मेंढपाळ आहे’. पुढचा श्वास ‘मला काही’, पुढचा उच्छ्वास ‘उणे पडणार नाही’. फुप्फुसांच्या जुन्या आजारात शिळी हवा आत अडकते. सोडणे घेण्याच्या दुप्पट लांबवले की ती बाहेर पडायला वाव मिळतो. फिजिओथेरपिस्ट हेच आकडे मोजून शिकवतात. आकड्यांच्या जागी ओवी आली की मन धापेवरून हटते एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

गाण्याचेही तसेच. पक्षाघाताने वाचा गेलेला, साधे ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस कधी कधी पाठ असलेल्या गीताची अख्खी ओळ म्हणून जातो, कारण सुराची वाट मेंदूच्या दुसऱ्या बाजूनेही जाते. नारायण वामन टिळकांनी आपली अखेरची वर्षे साताऱ्यात काढली. त्यांची गीते इथल्या जुन्या माणसांना वहीशिवाय येतात, तीच घ्यावीत. नवी, टाळ्यांची गाणी आजाऱ्याच्या खोलीत चालत नाहीत. सूर नेहमीपेक्षा खाली धरावा, लय धिमी ठेवावी, दोनच कडवी म्हणावीत आणि दुसऱ्या कडव्यात आपला आवाज इतका कमी करावा की त्याचा ऐकू यावा.

आणि ती सून, ती बायको, ती लेक? तिला कित्येक महिन्यांत उपासना मिळालेली नसते. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. मंडळीने रविवारी सकाळी दोन तास कोणाला तरी त्या घरी बसवावे आणि तिला मोकळे करावे. बसणाऱ्याने आधी एखाद्या सवडीच्या दिवशी तासभर जाऊन शिकून घ्यावे: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच का ठेवायची, नळीतून भरवायचे असेल तर डोके किती उंच हवे. नळीचे भरवणे न शिकता करूच नये. त्या दोन तासांत ती चर्चला न जाता नुसती झोपली, तरी हिशेब तोच धरावा.

मंडळीचा दानपेटीतला पैसा प्रवासाला द्यावा. जत, आटपाडीहून मिरजेला आठवड्यातून दोनदा येणाऱ्या घराचे कंबरडे औषधापेक्षा भाड्याने मोडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद आणि रुग्णालयातला आरोग्यमित्र गाठून देईल असा एक तरुण प्रत्येक मंडळीत हवाच. व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना गटावर आजाऱ्याचे रिपोर्ट टाकू नयेत. ‘अमक्यांसाठी प्रार्थना करा’ पुरे, आजाराचे नाव त्याच्या परवानगीशिवाय नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच ते गुप्त ठेवायचे आहे. आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ख्रिस्ती नसेल तर त्याच्यासाठी पाणी भरून आणावे, त्याच्या म्हाताऱ्याला खुर्ची द्यावी. त्याच्या धर्माचा विषय त्याच्या आजारपणात काढू नये. अगतिक माणसाचे ‘हो’ हे ‘हो’ नसते.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत कर्करोग, मधुमेह, अपस्मार, पक्षाघात, क्षय ही नावे स्पष्ट आहेत. कोणत्याही धर्माच्या सभेची जाहिरात घेताना या रोगांतून मुक्तीचा दावा त्यात नाही ना, एवढे आपल्या जाहिरात विभागाने पाहावे. आणि ज्या जाहिराती छापाल त्यांच्या तळाशी, सभेच्या वेळेइतक्याच ठळक अक्षरांत, ‘चालू औषधे बंद करू नयेत’ ही ओळ आयोजकांकडून घालून घ्यावी. जे खरेच प्रार्थनेसाठी सभा घेतात त्यांची तिला हरकत असायचे कारण नाही.

कळावे,
रुग्णभेटीचे काम करणारे काही मंडळीसभासद,
मिरज, जि. सांगली